पीठ कोरडं कसं राहिलं?

बाणस्तारीचा पूल ओलांडताना मागच्या सीटवरून माईंचा आवाज आला, "पीठ सुकें कशें उरलें गो?"

तोपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नव्हतं. पणजीहून निघायलाच साडेनऊ झाले होते. जुनं गोवं मागे पडलं, खोर्ली गेली, वायपर एकसारखे फिरत होते. सप्टेंबर २०२४ मधली ही रात्र. 'तुंबाड' हा भयपट १३ तारखेला पुन्हा थिएटरात लागला होता. २०१८ च्या ऑक्टोबरात तो पहिल्यांदा आला, तेव्हा आमच्याकडे कधी लागला आणि कधी उतरला ते कळलंच नव्हतं. या वेळी भाच्याने तिकिटं काढली आणि माझ्या सासूबाईंनाही घेऊन चला म्हणाला. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माहेर पेडण्याचं. भुताखेतांच्या गोष्टी त्यांना जेवणाइतक्या ओळखीच्या.

"कुठलं पीठ, माई?"

"त्याचं गो. खाली उतरल्यावर राखणीला भोवती रिंगण घालतो ते. अख्खा पिच्चरभर पाऊस. वाडा गळतोय, तो नखशिखान्त भिजून येतो, पिशवी भिजलेली. आणि पीठ बघ कसं पडलं हातातून, मी रांगोळी घालते तसं. आषाढात माझ्या डब्यातलं पीठ झाकण घट्ट असूनसुद्धा गोळे धरतं."

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला, "पत्र्याचा डबा असणार, माई. वरून मेणकापड बांधून. तो काय पहिल्यांदा जातोय का तिथे? त्याची तयारी असणारच."

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हा मुलगा कुठल्याही चित्रपटाला असं सोडत नाही. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात तो क्वालिटी विभागात आहे. तिथे एका कागदावर एक सही राहिली तर सगळी बॅच थांबते. चूक कुठे झाली, का झाली, त्याआधी काय झालं होतं, हे मुळापर्यंत खणत जाणं हे त्याचं रोजचं काम, आणि तेच डोळे घेऊन तो थिएटरात बसतो. भुताचा चित्रपट असेल तर जास्तच. नायिकेच्या हातात गाडीची चावी असताना ती तळघरात का उतरते? मोबाईल मघाशी चालू होता, आता नेटवर्क कसं गेलं? (हा शेवटचा प्रश्न मला कधी फारसा पटला नाही. सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी गावांत घराच्या पायरीवर रेंज असते आणि स्वयंपाकघरात नसते.) त्याचे मित्र त्याला म्हणतात, लॉजिक घरी ठेवून ये, मजा घे. तो म्हणतो, लॉजिक नसेल तर मजा येत नाही. हा वाद मी त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आले आहे. दोन्ही बाजू इतक्या वेळा ऐकल्या की दोन्ही खऱ्या वाटायला लागल्या होत्या. माईंच्या पिठाने मला पुन्हा विचार करायला लावलं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आम्ही तिघांनी 'मुंज्या' पाहिला होता. तेव्हा मध्यंतराचा दिवा लागताच हा म्हणाला होता, "पिंपळाशी बांधलेला मुंज्या पुण्यात कसा येईल?" चित्रपटात त्याचं उत्तर रक्ताच्या नात्यात दिलेलं आहे, पण याचं समाधान झालं नव्हतं. नियम आधी सांगायला हवा होता, असं त्याचं म्हणणं. माईंना तो प्रश्नच कळेना. "घरचा माणूस जवळ आला तर तो चिकटणारच. पिंपळ काय, पुणं काय?" सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, त्याची राहिलेली इच्छा, पिंपळाचा पार, हे सगळं त्यांच्या मनात सत्तर वर्षांपासून बसलेलं. चित्रपटाने फक्त नाव घेतलं. बाकीचं त्यांनी घरून आणलं होतं.

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते. 'मुंज्या'नंतर त्या आठवड्यात कॉलेजातली जुनी टिपणवही काढली, कारण हे कुठेतरी वाचलंय असं सारखं वाटत होतं. अभिनवगुप्तांमध्ये सापडलं. साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरात बसून त्यांनी नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' लिहिली. रसाचा अनुभव कशाकशाने अडतो ते सांगताना त्यांनी सात विघ्नं मोजली आहेत, आणि त्यांतलं पहिलं विघ्न आहे संभावनाविरह. समोर चाललेलं घडू शकेल असं ज्याला वाटतच नाही, त्याचं मन तिथे टेकत नाही. मन टेकलं नाही तर रस कुठला? म्हणजे माझा भाचा जे पॉपकॉर्न हातात घेऊन म्हणतो, ते शास्त्रात पहिल्याच क्रमांकावर आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की ती ओळ त्याने फोनमध्ये टिपून घेतली.

पण अभिनवगुप्त तिथेच पुढे उपायही सांगतात. गोष्ट लोकांच्या जगण्यातली असेल तर प्रेक्षकाचं हृदय आपोआप जुळतं. अलौकिक काही दाखवायचं असेल, समुद्र ओलांडण्यासारखं, तर रामासारखी प्रसिद्ध नावं घ्यावीत. त्या नावांवरचा विश्वास आधीच मुरलेला असतो. मुंज्याचं तेच आहे. माईंचा विश्वास पिंपळाच्या पारावर आधीच जमा होता. भाच्याचं बालपण फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये गेलं, खाली पार्किंग. त्याच्याकडे ती जमा नाही, म्हणून तो नियम मागतो. एकाच रांगेत बसून दोघे दोन वेगळे चित्रपट बघत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.

नियम चोख असला तर अनोळखी भूतही लगेच घरचं होतं. 'स्त्री' या चित्रपटात भिंतीवर 'उद्या ये' असं लिहिलं की भूत झालेली ती बाई परत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. कर्नाटकात दारांवर 'नाळे बा' लिहायचे, तिथून ही कल्पना आली. भूत लिहिलेलं वाचतं आणि शब्दाला मान देतं, हे किती गोड आहे! ती साक्षर कशी, असं माझ्या भाच्यानेसुद्धा विचारलं नाही.

विश्वास ठेवणारी माणसं भोळी असतात, त्यांना काहीही दाखवा, चालतं, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही, आणि त्याचं कारण पेडण्यातली एक रात्र आहे. माझं आजोळही पेडण्यातच, माईंच्या माहेरापासून दोन गावं पलीकडे. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार व्हायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. दशावताराच्या पूर्वरंगात संकासूर येतो. अंगभर काळं, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. आमच्या गावात संकासूर करायचा तो आमचेच नारळ पाडणारा पाडेली. दुपारी त्याने मला शहाळं फोडून दिलं होतं. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो आला तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मी ओळखला. नख अर्धं तुटलेलं, माडावर चढून चढून टाचेला भेगा. अंगठा ओळखला आणि तरी आईच्या पदरात तोंड खुपसलं. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. दैत्याच्या हातात घड्याळ कसं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

संकासूराने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात. तो मालवणीत फटकेबाजी करतो, लोक हसतात, लहान मुलं रडतात, आणि शेवटी विष्णू त्याला मारून वेद परत आणतो. त्या वर्षी संकासूराची बतावणी खूपच रंगली. गावातला एक मोठा माणूस पुढे खुर्चीवर बसला होता, त्याने हात करून सांगितलं, अजून चालू दे. चालू राहिलं. मग उशीर झाला म्हणून मंडळींनी विष्णूचा प्रवेशच गाळला आणि थेट आख्यान लावलं. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्या मागोमाग आणखी तिघीचौघी. "तो मेला नाही, मग वेद कुठून आले?" म्हणाली, "आधी मार त्याला." राजाचं काम करणारा मुकुट घालून अर्ध्यावर उभा. पाडेलीने तोवर कपडे उतरवले होते, तो चहा पीत होता. त्याने पुन्हा काळं चढवलं, जीभ बांधली, रंगमंचावर आला, विष्णूच्या हातून रीतसर मेला आणि मग रात्र पुढे सरकली.

घड्याळ चाललं, मरण गाळलेलं चाललं नाही. मला आजवर भेटलेली सगळ्यांत कडक प्रेक्षक ती म्हातारी. तिने कारखान्याचं तोंड बघितलं नव्हतं, पण बॅच तिनेही थांबवलीच की! चोरलेली वस्तू परत आल्याशिवाय पुढची गोष्ट उभीच राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माईंच्या माहेरची माणसं आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला जातात. तिथे देवाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात. नुसतं 'देव फिरतो' म्हणून भागलं असतं. पण फिरतो म्हणजे वहाणा लागणार, वहाणा म्हणजे झिजणार, झिजल्या म्हणजे नव्या द्यायला हव्यात, इथपर्यंत लोकांनी विचार नेलेला आहे. या विचारात मला कुठेही फट दिसत नाही.

भाच्याचा सगळ्यांत आवडता प्रश्न म्हणजे, हे लोक घर सोडून जात का नाहीत? पहिल्याच रात्री भिंतीतून आवाज आला, दुसऱ्या दिवशी सामान बांधा आणि निघा. 'अ क्वाएट प्लेस' पाहून तो असाच अस्वस्थ झाला होता. त्यात आवाजावर धावून येणारे प्राणी आहेत, माणसांनी चकार शब्द काढायचा नाही. आणि बाप मुलाला धबधब्यापाशी नेऊन दाखवतो की इथे पाण्याच्या आवाजात आपण मोठ्याने बोलू शकतो. मग तिथेच का राहत नाहीत? जगभर हा प्रश्न विचारला गेला. प्रश्न चांगला आहे, कारण ती फट चित्रपटाने स्वतःच आपल्या हाताने दाखवली.

पण घर न सोडण्याबद्दल मी त्याच्याशी भांडते. सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो. जोती, पायऱ्या, तुळशीवृंदावनाचे दगड, सुकलेला चिखल. आणि गावची माणसं दरवर्षी तिथे जातात. सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, चॅपेलच्या फेस्ताला जमतात. आपलं स्वयंपाकघर कुठे होतं ते नातवंडांना उभं राहून दाखवतात. मी एकदा तिथे होते. एक बाई चिखलाला तडे गेलेल्या जमिनीवर, कुठलीही भिंत नसताना, दारातून आत जावं तशी वाकून आत गेली. तिचं दार ठेंगणं असणार. पाण्याने घर नेलं तरी माणूस जात नाही, तर भिंतीतल्या आवाजाने कसा जाईल? आणि आपल्या गोव्यात तर जायचं म्हटलं तरी घर विकता येत नाही. आजोबांच्या नावावरच्या घराला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एक लिस्बनला, एक मस्कतला, एक भाऊ बोलत नाही. म्हणून खिडक्या मोडलेली, अंगणात रान माजलेली घरं गावोगाव उभी आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना लोकांनी भूत चिकटवलेलं आहे. एखाद्या चित्रपटाने हे कारण दिलं, सह्यांचं, तर मी त्या घरात राहणाऱ्या माणसांवर पहिल्या क्षणापासून विश्वास ठेवीन. कारण दिलंच नाही आणि माणसं नुसती भिंतीकडे बघत राहिली, तर मात्र मीही भाच्याच्या बाजूला.

मध्यंतराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हे वाद निम्मे तिथेच जन्मतात. हिंदी, मराठी चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेला असतो. तिकडे परदेशातल्या चित्रपटात ती सोय नसते, थिएटरवाले मध्येच कुठेतरी कापतात. माणूस अंधाऱ्या जिन्यावर एक पाऊल टाकतो आणि दिवे लागतात, पडद्यावर जाहिराती. दहा मिनिटं समोसा खात माणूस काय करणार? तपास करणार. भीतीला सलग अंधार लागतो. तो मधूनच काढून घेतला की उरतात प्रश्न, आणि मग दुसऱ्या अर्ध्यात आपण परत बसतो ते पोलिसाच्या खुर्चीत.

'वेपन्स'च्या वेळी माझं तसंच झालं. ऑगस्ट २०२५. माई नव्हत्या, इंग्रजी म्हणून. एका गावातल्या एकाच वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी घरातून उठून अंधारात पळत जातात आणि नाहीशी होतात. वर्गात उरतो एकच मुलगा. ती रिकामी बाकं मी विसरू शकत नाही. पंचवीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला त्या वर्गापेक्षा भयंकर काही दाखवता येणार नाही. भाच्याचं मात्र मध्यंतरातच सुरू झालं. एका मुलाचा बाप पुढे दोन घरांच्या दारावरच्या कॅमेऱ्यांतली चित्रं जुळवतो आणि मुलं कुठल्या दिशेने गेली त्या रेघा नकाशावर मारतो, ते पाहून तर तो सीटवरून पुढेच सरकला. "हे पोलिसांनी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एक बाप करतो आणि अख्खं खातं करत नाही?"

यावर मी घरी येईपर्यंत वाद घातला. माझं म्हणणं असं की गाव त्या वेळी दुसरीकडे बघत होतं, त्या वर्गाच्या बाईंकडे. मुलं हिच्याच वर्गातली, म्हणजे हिनेच काहीतरी केलं. हे मला इतकं खरं वाटलं की बाकी सगळं मागे पडलं. शाळेत कुणाचं मूल जिन्यात पडलं तरी पहिला प्रश्न येतो, बाई कुठे होत्या? तो म्हणाला, "मावशी, तू बाई आहेस म्हणून तुला चालतं." रात्री अंथरुणावर पडल्यावर मला मान्य करावं लागलं की त्याचंही खरं आहे. ती फट आहेच. मी तिच्यावर माझ्या पंचवीस वर्षांची फळी टाकून पलीकडे गेले. ज्याच्याकडे ती फळी नाही तो तिथे अडकणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. थोडंसं जरी चित्रपटाने केलं असतं, एखादा पोलीस नकाशा उलगडून चुकीची रेघ मारताना दाखवला असता, तरी भाचा माझ्यासोबत त्या वर्गात येऊन बसला असता. तो तिथे आला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

याउलट मागे एक चित्रपट पाहिला, नाव घेत नाही. त्यात कथेला धक्का लावण्यासारखं काहीच नव्हतं. भुताचा इतिहास, नियम, तोड, सगळं नीट सांगितलेलं. दर पाच मिनिटांनी कानाजवळ भांडं आपटावं तसा आवाज. आम्ही दचकलो, घाबरलो नाही. बाहेर आल्यावर भाच्याने एकही चूक काढली नाही आणि आम्ही जेवणाबद्दल बोलत घरी आलो.

आता 'तुंबाड'. ज्यांनी तो अजून पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. वाड्याखाली दडलेल्या हस्तर या लोभी देवाला भुलवायला नायक विनायक पिठाची बाहुली नेतो. तो बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतली नाणी ओढायची. एका फेरीत हाताला लागतील तेवढीच. पहिल्यांदा बघणाऱ्या कुणालाही वाटतं की जास्त बाहुल्या का नेत नाही? हा प्रश्न चित्रपटात त्याचा मुलगाच विचारतो. आमच्या रांगेत बसलेल्या भाच्याचा प्रश्न पडद्यावरच्या पोराच्या तोंडात. बाप खूश होतो, दोघे ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर भिंतींतून बाहेर येतात. मी त्या क्षणी पडद्याकडे न बघता भाच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडाचा आ वासलेला होता. त्याने शोधून ठेवलेल्या फटीतच चित्रपटाने पाय ठेवला होता. तिथून पुढे तो त्या चित्रपटाचा झाला.

म्हणून तो माईंना पत्र्याचा डबा देत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पडद्यावर डबा आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. चित्रपटाने त्याला जिंकलं, आणि आता तो स्वतः त्याच्यासाठी ओझं उचलायला निघाला होता. त्याचे मित्र याला लॉजिक घरी ठेवणं म्हणतील. मला तर वाटतं त्या रात्री त्याचं लॉजिक जितकं राबलं तितकं कधीच राबलं नसेल.

आणि माई? त्या चूक काढत नव्हत्या. त्या गाडीत बसूनही अजून त्या वाड्याखालीच होत्या, पिशवी हातात घेऊन. आपल्याला उतरायचं असतं तर पीठ कशात बांधलं असतं, हा त्यांचा विचार चालला होता. शाकुंतलाच्या सुरुवातीला दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरीण आहे. मान वळवून मागे बघतं, दमून तोंड उघडं पडलेलं, आणि त्यातून अर्धवट चावलेला दर्भ वाटेवर गळतो. भयानक रस म्हणजे काय ते सांगताना अभिनवगुप्त हेच हरीण दाखवतात. नववीच्या मुलांना मी हा श्लोक सांगते तेव्हा नेहमी कुणीतरी विचारतं, "बाई, ते हरीण सुटलं का?" एका वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, तो दर्भ त्याने गिळला का नाही?" मला त्या मुलीची आठवण झाली. बाणाचं भय तिने त्या हरणाच्या घशात जाऊन बघितलं होतं. पीठ आणि दर्भ, दोन्ही प्रश्न आतून आलेले.

मंगेशी गेली, म्हार्दोळ गेलं. भाचा म्हणाला की तो वाडा कोकणातला नाहीच, सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रीकरण झालंय, आणि पावसाच्या दृश्यांसाठी यांनी अनेक पावसाळे काढले. माई म्हणाल्या, "वाडा कुठचा का असेना, पाऊस आमचाच होता." फर्मागुडीच्या चढावर काचा धुकटल्या तेव्हा त्यांनी पदराने स्वतःच्या बाजूची काच पुसली आणि म्हणाल्या, "मेणकापडाला मोड पडते. तिथून पाणी शिरतं."

"मग?"

"मग काय ते बघ."

पंधरा दिवसांनी, रात्रपाळीतून सुटल्यावर सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन आला. मला वाटलं काही बरंवाईट. म्हणाला, "मावशी, मी काल परत बघून आलो. एकटाच. डबा कुठे दिसत नाही."

"मग आता काय म्हणतोस?"

"माईंना दे जरा."

माई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, मध्ये दोनदा 'हूं' म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "रॉकेलचा डबा चालायचा नाही रे, पिठाला वास लागतो. पितळी डबा. झाकणाला भिजवलेल्या कणकेची वात लावायची, आम्ही लोणच्याला लावायचो तशी. तू असा कर, येत्या रविवारी ये. करून बघू."

रविवारी तो आला. पागोळीखाली डबा ठेवला आणि दुपारी तीनपर्यंत पाऊस पडू दिला.

पीठ कोरडं होतं.

"बघ," माई म्हणाल्या, आणि त्यांनी चिमूटभर पीठ घेऊन अंगणाच्या कडेला, पागोळीपासून हातभर आत, एक लहानसं रिंगण घातलं.

भाचा त्याच्या आत पाय ठेवून उभा राहिला.